थंडीत न तडकणारे प्लास्टिक

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडणारा जवान पुढे कोणत्या सीमेवर जाईल, हे सांगता येत नाही. गावाकडे डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर आला की आपण शेकोटी पेटवितो; लडाखमध्ये तो शून्याखाली २० ते ३० अंश उतरतो. तेथे पाण्याचा कॅन हातून निसटून खडकावर आपटला आणि फुटला, तर ते नुकसान केवळ एका कॅनचे राहत नाही. म्हणून प्लास्टिक थंडीत का तडकते आणि त्यावर उपाय काय, हे उद्यमबागेतील लहान कारखानदारानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

गुऱ्हाळावर काहिलीतील पाक गरम असतो तेव्हा त्याची तार निघते. तोच थंड होऊन ढेप बनला की घाव बसताच त्याचे तुकडे पडतात. प्लास्टिकचे असेच काहीसे होते. त्याचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. ऊब असेपर्यंत या साखळ्या थोड्याफार हलतात व आघात सोसतात. विशिष्ट तापमानाखाली मात्र त्या जागच्या जागी गोठतात. यालाच काच-संक्रमण तापमान म्हणतात. बादल्या व क्रेट ज्यापासून होतात त्या पॉलिप्रॉपिलीनचे हे तापमान शून्य अंशाच्या आसपास आहे. त्यामुळे हिमप्रदेशात साधे पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होणारच.

यावर उपाय म्हणजे त्यात रबर मिसळणे. रबराचे सूक्ष्म कण प्लास्टिकमध्ये सर्वत्र पसरलेले असले, तर आघाताचा जोर एकाच भेगेत न एकवटता असंख्य कणांभोवती वाटला जातो. मातीच्या भिंतीत काड कालवतात तो हेतू येथेही आहे, मात्र येथे काम लांब धाग्यांचे नसून मऊ गोलकांचे असते.

परंतु ते गोलक त्या थंडीतही मऊ राहिले पाहिजेत. कोणतेही रबर चालेल, ही समजूत घातक आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान कोसळून सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कड्यांची लवचिकता त्या थंड सकाळी मंदावली होती. पॉलिब्युटाडाइन रबर सुमारे उणे १०० अंशांपर्यंत आणि ईपीडीएम रबर सुमारे उणे ५० अंशांपर्यंत गोठत नाही. पॉलिप्रॉपिलीनशी ईपीडीएमचे चांगले जमते, म्हणून मोटारींच्या बंपरमध्ये ही जोडी रूढ झाली.

काही ठिकाणी जुन्या टायरचा भुगा मिसळून माल 'चिवट' केल्याचे सांगण्यात येते. त्यावर विसंबू नये. उपयोगी कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान लागतात. टायरच्या भुग्याचा कण त्याच्या शेकडो पट मोठा असतो, शिवाय तो प्लास्टिकला नीट चिकटत नाही. तेव्हा प्रत्येक कण हीच एक नवी फट ठरते. नायलॉनसारख्या प्लास्टिकशी ईपीडीएमचा सांधा जुळत नाही. तेथे रबराच्या साखळीवर मॅलिइक ॲनहायड्राइडचे कलम करतात, म्हणजे दोन्ही पदार्थ एकमेकांना धरून राहतात. आपल्या शेतकऱ्याला कलमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको!

रबर वाढविले की ताठपणा घटतो, ही दुसरी बाजू. अतिरेक केल्यास एप्रिलच्या उन्हात भाजीने भरलेले क्रेट एकावर एक रचताच खालचे वाकतील. तसेच अंगणात वर्षानुवर्षे पडून फुटलेल्या बादलीचा दोष थंडीला देऊ नये. तेथे बहुधा उन्हातील अतिनील किरणांनी साखळ्या तुटलेल्या असतात, आणि त्याला रबर हा उपाय नव्हे.

माल थंड प्रदेशासाठी असेल तर चाचणीही तेथील तापमानालाच व्हावी. नमुना कित्येक तास त्या थंडीत ठेवून, बाहेर काढताच काही सेकंदांत त्यावर आघात करावा. विलंब झाला तर निष्कर्ष फसवा येतो. घरगुती फ्रिजचा बर्फाचा कप्पा उणे १५ ते १८ अंशांपर्यंत जातो. प्राथमिक अंदाजाला तो पुरे, लडाखसाठी नव्हे. त्यासाठी म्हैसूर येथील 'सिपेट' या केंद्रीय संस्थेसारख्या ठिकाणी प्रयोगशाळेतील चाचणी करून घ्यावी व मागणीपत्रातच तापमान नमूद करावे.