पहिली रोड सायकल : नवी घ्यावी की जुनी?

मार्चअखेरीस घड्याळे तासभर पुढे गेली की आपल्या मंडळींत सायकलीचा विषय हमखास निघतो. कुणाच्या रक्तातली साखर वाढलेली असते, कुणाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेले असते, तर कुणी रेल्वेच्या सीझन तिकिटाला कंटाळलेले असते. मग दुकानात चक्कर होते. तिथे चारशे पौंडांची सायकल आणि चार हजारांची सायकल शेजारी शेजारी उभ्या असतात. दोघींना दोनच चाके! पुण्यात किंवा सांगलीत तासाच्या भाड्याने सायकल घेऊन शिकलेल्या माणसाला हा काय प्रकार आहे तेच कळत नाही. म्हणून बाकदार हँडलची, हलकी, डांबरी रस्त्यावर चालवायची पहिली सायकल माफक पैशात कशी घ्यावी, याचा हा थोडा हिशोब.

आधी प्रकृतीबद्दल दोन शब्द. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेहाचा धोका गोऱ्या लोकांपेक्षा कमी वजनावरच सुरू होतो. म्हणून 'नाइस' या येथील संस्थेने आपल्यासाठी बीएमआयची सावधगिरीची रेषा २५ ऐवजी २३ वर ठेवली आहे. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे सरकारी वैद्यकीय सल्लागार सांगतात. ऑफिस पाच मैलांवर असेल आणि आठवड्यातून तीन दिवस सायकलने जाऊन-येऊन केले, तर हा कोटा प्रवासातच भरून निघतो. मात्र मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर सुरुवात करण्यापूर्वी आपल्या जीपीशी बोला आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. वाटेत साखर एकदम उतरू शकते.

हे सगळे होण्यासाठी सायकल गॅरेजमध्ये नव्हे, रस्त्यावर असायला हवी. ती गॅरेजमध्ये का जाते? बहुतेक वेळा मापामुळे. पाठ दुखते, तळहातांना मुंग्या येतात, मान अवघडते, आणि जूनमध्ये घेतलेली सायकल सप्टेंबरात कपड्यांची दांडी होते. तेव्हा ब्रँडच्या आधी माप पाहा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक खोगिरासारखे घट्ट वर धरा (कालनिर्णय चालणार नाही, जाडच हवे) आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. त्याला ०.६७ ने गुणले की जुन्या पद्धतीच्या फ्रेमचे माप अंदाजे मिळते. ७६ आले तर साधारण ५१. पण हा झाला अंदाज. आजकाल प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, आणि उंचीइतकेच हँडल किती लांब आहे यालाही महत्त्व आहे. हँडल धरणारा पुढचा दांडा बदलून एक-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे करता येतात. मोठी फ्रेम काही केल्या लहान होत नाही. दोन मापांमध्ये अडलात तर, माझ्या मते, नवशिक्याने लहान घ्यावी. 'सेलमध्ये फक्त ५८ शिल्लक आहे, शंभर पौंड कमी' असे कुणी म्हणाले, तर हसून बाहेर पडावे.

माप जमले की बाकीचे सोपे. फ्रेम अॅल्युमिनियमची पुरे. 'रेस' ऐवजी 'एन्ड्युरन्स' जातीची घ्या, तिच्यावर कमी वाकावे लागते. गिअर बहुधा शिमानोचे असतात. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा आणि १०५ अशी त्यांची चढती भाजणी आहे. क्लॅरिसला मागे आठ चक्रे, सोराला नऊ, टियाग्राला दहा. खालच्या पायऱ्यांच्या जागी आता 'क्यूज' हे नवे नावही दिसू लागले आहे. ऑफिसला जायला आणि रविवारी तीस मैल फिरायला क्लॅरिससुद्धा उत्तम चालते. पैसे वरच्या गिअरवर घालण्यापेक्षा दातांची संख्या विचारा. पुढचे लहान चक्र ३४ दातांचे आणि मागचे सर्वांत मोठे ३२ किंवा ३४ दातांचे असेल, तर चढावर गुडघे दुवा देतील. टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद बसतात का, मडगार्डसाठी भोके आहेत का, हेही पाहा. या देशात मडगार्ड नसलेली सायकल म्हणजे पाठीवर चिखलाची रांगोळी. डेकॅथलॉनची ट्रायबन, हाल्फर्ड्सची बोर्डमन, जायंटची कन्टेंड ही या वर्गातली परिचित नावे.

आता पैशाकडे. नोकरदारांसाठी १९९९ पासून 'सायकल टू वर्क' योजना आहे. कंपनी सायकल विकत घेते, आपण ती भाड्याने वापरतो, आणि भाडे करपूर्व पगारातून कापले जाते. हेल्मेट, दिवे, कुलूपही त्यात बसवता येते. ७०० पौंडांची सायकल घेतली असे समजू. २० टक्के आयकर आणि एप्रिल २०२४ पासूनचा ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स मिळून १९६ पौंड वाचतात (स्कॉटलंडमध्ये आयकराचे दर वेगळे आहेत). जाहिरात इथेच थांबते. पण भाड्याची मुदत संपली तरी सायकल कंपनीचीच असते! ती आपल्या नावावर करताना आयकर खात्याचा किमतींचा तक्ता लागू होतो. मूळ किंमत ५०० पौंड किंवा अधिक असेल, तर एक वर्षानंतर ती मूळ किमतीच्या २५ टक्के धरतात, म्हणजे आपल्या उदाहरणात १७५ पौंड. वाचलेल्या १९६ मधून हे गेले की हाती उरतात २१! चार वर्षांनी मात्र तोच आकडा ७ टक्क्यांवर, म्हणजे ४९ पौंडांवर येतो. म्हणून सही करण्याआधी कंपनीला एकच प्रश्न विचारा : वर्षानंतर मुदत वाढवून देता का, आणि शेवटी किती द्यावे लागेल? कपातीनंतरचा पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये, आणि ज्यांचा स्वतःचा धंदा आहे त्यांना ही योजना नाही.

खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या सायकलीलाही ती लागू नाही. तरीही जुनी स्वस्त पडते, कारण पहिल्या मालकाने उतरलेली किंमत आधीच सोसलेली असते. फक्त मागितलेल्या किमतीत दुरुस्ती मिळवून मग तुलना करा. चेन, मागची चक्रे, दोन टायर, ब्रेकचे रबर, तारा आणि मजुरी असे सगळे निघाले, तर दीडशे पौंड सहज जातात.

बघायला दिवसा जा आणि खिशात इंचाची पट्टी न्या. पट्टीचा शून्य चेनच्या एका पिनेच्या मध्यावर धरा. बरोबर बारा इंचांवर पुन्हा एका पिनेचा मध्य यायला हवा. तो सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायला आली, आणि अष्टमांश इंच पुढे असेल तर बहुधा मागची चक्रेही गेली. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. खटखट लागली तर हँडलचे बेअरिंग सैल आहे. पेडलचा दांडा आडवा हलवून पाहा, चाके उचलून फिरवा. रिमवर दाबणारा ब्रेक असेल तर रिमच्या कडेवर बोट फिरवा. ती आत खोलगट झाली असेल तर चाकच बदलावे लागते. सीटचा दांडा वर-खाली सरकतो का, हे विसरू नका. वर्षानुवर्षे न हललेला दांडा फ्रेममध्ये असा रुतून बसतो की कारागीरही हात टेकतो. शेवटी फ्रेमच्या जोडांपाशी, विशेषतः हँडलच्या खाली, रंगाला सुरकुती किंवा बारीक रेघ आहे का ते पाहा. असेल तर तिथूनच परत फिरा. कार्बनची जुनी फ्रेम पहिल्या खेपेस नकोच. तिची आतली इजा बाहेरून दिसेलच असे नाही.

मालकीची खात्रीही करा. फ्रेमचा क्रमांक बहुधा पेडलच्या जोडाखाली कोरलेला असतो. तो 'बाइकरजिस्टर'वर तपासता येतो. क्रमांक खरवडलेला असेल, किंवा विक्रेता घरी न बोलावता स्टेशनबाहेर भेटू म्हणत असेल, तर सौदा कितीही गोड असो, नको. चोरीचा माल निघाला तर सायकल मूळ मालकाची, आणि आपले पैसे बुडीत. दुकानातून घेतलेल्या मालाला २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण असते. खासगी व्यवहारात माल वर्णनाप्रमाणे आहे, एवढेच पाहिले जाते. म्हणून जाहिरात जपून ठेवा आणि पावतीवर क्रमांक लिहून घ्या.

माझे मत विचाराल, तर ज्याच्या घरी किंवा शेजारी पान्यांशी मैत्री असलेला कुणी आहे, त्याने जुनी घ्यावी. ज्याला पंक्चरसुद्धा काढता येत नाही, त्याने योजनेतून नवी. दोन्ही बाबतींत ठरवलेल्या रकमेतले शंभर-सव्वाशे पौंड बाजूला ठेवा. 'सोल्ड सिक्युअर'चा गोल्ड दर्जा असलेले कुलूप, हेल्मेट, पंप आणि दिवे त्यातून यायचे आहेत. हेल्मेटची येथे सक्ती नाही, पण घ्याच. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा मात्र कायद्यानेच लागतो.

नवी घेतलीत, तर पहिल्या काही आठवड्यांत तारा थोड्या सैलावतात आणि गिअर कुरकुरू लागतात. हा दोष नव्हे. बरीच दुकाने ही पहिली सर्व्हिस फुकट करून देतात. तिची तारीख पैसे देतानाच ठरवून घ्या आणि बिलावर लिहून मागा.