झीरो करणे

ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवणाऱ्या आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मुलांना नेम ठाऊक असतो, पण एन.सी.सी.त ‘झीरो करणे’ हा शब्द प्रथम कानी पडतो. दृष्टीची सरळ रेषा आणि गोळीची कमान ठराविक अंतरावर एका बिंदूत मिळवणे, एवढाच त्याचा अर्थ.

दुर्बिणीच्या स्क्रूचा एक खटका बहुधा पाव मिनिटाचा असतो. हे मिनिट घड्याळातले नव्हे. अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. गोळ्या ५८ मिलिमीटर डावीकडे पडत असतील तर आठ खटके उजवीकडे. तीच रायफल ३०० मीटरवर खाली मारते आणि तिथे प्रत्येक खटकाही तिप्पट सरकतो.

हिशेब सोपा आहे. कठीण आहे ते हात आवरणे. एका गोळीवरून स्क्रू फिरवू नये. त्याच टेकूवरून तीन ते पाच गोळ्या मारून त्यांचा पुंजका पाहावा व पुंजक्याचा मध्य सरकवावा. पुंजकाच विखुरला तर आधी पकड, श्वास आणि चापाची ओढ तपासावी. माझे वडील सालदार. काडतुसे विकत घेणे आमच्या घरी अशक्य. म्हणून मोजून मिळालेल्या पाचही गोळ्या नुसत्या पाहण्यासाठी खर्चणे जिवावर येते. तरी माझ्या मते तोच खरा काटकसरीचा मार्ग.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रातूनच पाहायचे. दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. तिथेही आधी बिनगुणांच्या गोळ्या मारून खटके जुळवतात, मगच मोजणी सुरू होते.