अनेक सॉकेटांची वाट पाहताना

चि. सोनूस,


तुझ्या चॅट सर्व्हरचा कोड मामाने सावकाश वाचला. पहिला क्लायंट गप्प बसला की दुसऱ्याचा निरोप अडकून पडतो, याचं कारण लूपमधल्या एकाच ओळीत आहे. ‘रीड’ ज्या सॉकेटवर मारला, तिथे काही येईपर्यंत कर्नल प्रोग्रॅमला झोपवून ठेवतो. तोवर शेजारच्या सॉकेटवर काय आलं, हे त्याला कळायला मार्गच नसतो. प्रत्येक क्लायंटला एक थ्रेड द्यावा, ही तुझ्या मैत्रिणींची सूचना वाईट नाही. दहावीस जणांचं काम तेवढ्यावर भागेल. पण तिथे थांबू नकोस. या प्रश्नावर चाळीस वर्षं काम झालं आहे. ते समजलं, तर पुढे कुठलंही फ्रेमवर्क हाती आलं तरी आत काय चाललंय ते तुला दिसेल.

१९८३ साली बर्कलीच्या ४.२बीएसडी युनिक्समध्ये सॉकेट आले, आणि त्याच आवृत्तीत ‘सिलेक्ट’ आला. डिस्क्रिप्टरचा, म्हणजे उघडलेल्या सॉकेट-फाइलींच्या क्रमांकांचा, संच कर्नलच्या हाती द्यायचा आणि सांगायचं, यांपैकी कुठेही वाचता-लिहिता येऊ लागलं की उठव. हा संच म्हणजे बिटांची ओळ. लिनक्सवर नेहमीच्या सी लायब्ररीत १०२४ बिटांची. ही मर्यादा सॉकेटांच्या संख्येवर आहे असं पुष्कळ जण समजतात, पण ती असते क्रमांकावर. सर्व्हरने आधीच हजारावर फाइली आणि सॉकेट उघडलेले असले, तर नव्या सॉकेटला १०५० क्रमांक मिळू शकतो. तो एकटाच संचात टाकला तरी शेजारची मेमरी बिघडू शकते. शिवाय सिलेक्ट परतताना तुझाच संच बदलून देतो, त्यात फक्त तयार डिस्क्रिप्टर उरतात. म्हणून दर फेरीला संच नव्याने भरावा लागतो. तरीही पहिला सर्व्हर सिलेक्टवरच लिही. यातल्या अडचणी हाताने सोसल्या की पुढच्या सुधारणा कशासाठी झाल्या, ते पाठ करावं लागत नाही.

सिस्टिम फाइव्ह युनिक्सकडून आलेल्या ‘पोल’ने १०२४ ची भिंत पाडली. संचाच्या जागी अ‍ॅरे आला, मागणी एका रकान्यात आणि उत्तर दुसऱ्यात. पण दर वेळी सगळी यादी तपासण्याचा मूळ खर्च राहिलाच.

१९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एकाच यंत्रावर दहा हजार क्लायंट कसे सांभाळायचे, हा प्रश्न ‘सी१०के’ या नावाने मांडला. सिलेक्ट आणि पोल हे प्रत्येक तासाला अख्ख्या पटाची हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखे. दहा हजारांत तिघेच बोलणारे असले तरी नावं सगळी वाचायची. फ्रीबीएसडीत २००० साली जोनाथन लेमन यांचा ‘केक्यू’ आला. लिनक्समध्ये दाविदे लिबेन्झी यांचा ‘ईपोल’ २००२ साली २.५ मालिकेत शिरला. डिस्क्रिप्टर एकदाच नोंदवायचा, यादी कर्नलने सांभाळायची आणि विचारल्यावर फक्त तयार असलेले हाती द्यायचे. इगोर सिसोएव्ह यांचा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर हजारो जोडण्या मोजक्या प्रोसेसमध्ये पेलतो, तो याच पायावर.

आता मुख्य सांगणं. कर्नल एखादा डिस्क्रिप्टर तयार आहे म्हणतो, तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच असतं की आत्ता कॉल केलास तर अडकणार नाहीस. डेटा आहेच, असं त्याने कुठे म्हटलेलं नाही. समोरच्याने जोडणी बंद केली तरी सॉकेट तयार होतो, आणि रीड शून्य परत देतो. तुझ्या कोडमध्ये हा शून्य तपासलेला नाही. दुसरी गोष्ट याहून जपण्याची. सिलेक्टचं मॅन पेज स्वतःच बजावतं की लिनक्सवर सॉकेट तयार दाखवला जाऊनही पुढचा रीड अडकू शकतो. उदाहरणार्थ, आलेलं पॅकेट चेकसम चुकल्यामुळे तपासणीत टाकून दिलं जातं. म्हणून प्रत्येक सॉकेट नॉन-ब्लॉकिंग कर आणि ‘आत्ता नाही, पुन्हा ये’ सांगणाऱ्या ‘ईअगेन’ला चूक न मानता नेहमीचं उत्तर मान.

ईपोलचा ‘एज-ट्रिगर्ड’ प्रकार वापरलास, तर हे आणखी कडक होतं. तो स्थिती बदलल्यावर सांगतो. ईअगेन येईपर्यंत वाचलं नाहीस, तर उरलेले बाइट बफरमध्ये पडून राहतील आणि नवं काही येईपर्यंत बहुधा कुणी उठवणार नाही. सुरुवातीला साधा ‘लेव्हल-ट्रिगर्ड’ प्रकारच घे.

लिहिण्याची बाजू उलटी वागते. पाठवण्याच्या बफरमध्ये बहुतेक वेळा जागा असतेच, त्यामुळे लिहिण्याची तयारी कायम विचारत राहिलीस तर लूप क्षणभरही झोपणार नाही आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जाईल. आधी सरळ लिहून पाहा. ईअगेन आला किंवा थोडेच बाइट गेले, तर उरलेले बाजूला ठेव, तेव्हाच लिहिण्याच्या तयारीची नोंदणी कर आणि काम संपताच ती काढ.

डिस्कवरच्या साध्या फाइलींना यातलं काही लागू नाही. सिलेक्ट आणि पोलच्या लेखी त्या सदैव तयार; ईपोल त्यांना नोंदवूनच घेत नाही, ‘ईपर्म’ ही चूक देतो. नोडजेएसच्या पोटातली लिबयूव्ही म्हणूनच फाइलींसाठी वेगळे थ्रेड राखते, सांगितलं नाही तर चार. चॅटचा इतिहास फाइलीत लिहिताना हे ध्यानात असू दे.

सिलेक्टवर सर्व्हर उभा राहिला की एक छोटा, आडमुठा क्लायंट लिही: जोडला जाईल, पण कधीच काही वाचणार नाही. बाकीच्यांना भराभर बोलू दे आणि सर्व्हरची मेमरी पाहत बस. त्या एकासाठी साठवलेले निरोप वाढतच जातील. रेडिस या डेटाबेसने यावर मर्यादा घातली आहे: पब-सबच्या क्लायंटचा साठा ३२ एमबीपलीकडे गेला, किंवा ८ एमबीच्या वर सलग ६० सेकंद राहिला, तर मूळ सेटिंगप्रमाणे त्याची जोडणी तोडली जाते. तुझ्या सर्व्हरमध्ये हा आकडा किती असावा, हे तुझ्या लॅपटॉपची मेमरी आणि क्लायंटांची संख्या पाहून तूच ठरव. कोड पाठवशील तेव्हा तो आकडा का निवडलास, तेही लिही.

तुझा,
मामा