डोंगरापलीकडचे इंटरनेट : नांगी गावाचा धडा

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. विदेश संचार निगमाने सुरू केलेली ही सेवा प्रारंभी मोजक्या महानगरांपुरती मर्यादित होती. आज मात्र शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, सातबाराचा उतारा, बँकेचे खाते आणि नोकरीची जाहिरात हे सर्व इंटरनेटवर आले आहे. कालची सोय ही आजची गरज झाली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल देताना, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे मान्य केले.

परंतु अधिकार मान्य होणे आणि डोंगरातल्या वाडीवर तो हाती येणे यांत फार मोठे अंतर आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरी आली, तेव्हा कोकणातील आणि सातपुड्यातील अनेक मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत होती. हे अंतर कसे कापता येईल? या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी आपल्या शेजारच्या नेपाळमधील एका गावाचे उदाहरण फार उपयुक्त आहे.

नांगीची हकीकत

पश्चिम नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यात, हिमालयाच्या कुशीत नांगी नावाचे गाव आहे. गावात टेलिफोन नव्हता. मोटारीच्या रस्त्यापासून गाव गाठायला कित्येक तासांची खडी चढण चढावी लागे. या गावचे सुपुत्र महावीर पुन हे अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठातून पदवी घेऊन १९९० च्या दशकाच्या आरंभी गावी परतले आणि गावकऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी माध्यमिक शाळा उभी केली. शाळेला संगणक हवे होते, पण पैसा नव्हता. तेव्हा जुने सुटे भाग जमवून लाकडी पेट्यांत संगणक जोडण्यात आले. ओढ्याच्या पाण्यावर छोटी जनित्रे बसवून वीज तयार केली गेली.

संगणक आले, पण इंटरनेट नव्हते. ई-मेल पाहण्यासाठी पोखरा शहर गाठावे लागे. २००१ मध्ये पुन यांनी बीबीसीला पत्र पाठवून आपली अडचण मांडली. ती प्रसिद्ध झाल्यावर परदेशातील जाणकार स्वयंसेवक मदतीला आले. त्या वेळी नेपाळमध्ये सशस्त्र संघर्ष चालू होता आणि बिनतारी साधनांवर कडक निर्बंध होते. अशाही स्थितीत घरगुती बनावटीच्या अँटेना झाडांवर चढवून प्रयोग झाले. शेवटी मधल्या डोंगरावर पुनःक्षेपण केंद्र उभारून नांगीचा पोखऱ्याशी संबंध जोडला गेला. पुढे आसपासची गावेही या जाळ्यात आली. शिक्षक नसलेल्या शाळेला दुसऱ्या गावच्या शिक्षकाचा पाठ मिळू लागला. गावातल्या आरोग्यसेविकेला काठमांडूच्या डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. २००७ मध्ये पुन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

ही यंत्रणा चालते कशी?

विद्यार्थी मित्रांनो, नांगीत वापरलेले तंत्र समजायला अवघड नाही. घरातले वाय-फाय फार तर शे-दीडशे मीटर पोचते, कारण खोलीतल्या दिव्याप्रमाणे त्याची शक्ती चारही दिशांना पसरते. तीच शक्ती विजेरीच्या झोताप्रमाणे एकाच दिशेने सोडली तर ती कित्येक किलोमीटर जाते. हे काम दिशादर्शी अँटेना करते. अट एकच, दोन्ही टोके एकमेकांना सरळ दिसली पाहिजेत. मध्ये डोंगर आला तर संदेश अडतो. दाट झाडीही तो शोषून घेते, कारण पानांत पाणी असते. म्हणून मधल्या उंच माथ्यावर एक केंद्र उभारायचे. त्याने एका बाजूकडून संदेश घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला पाठवायचा. तेथे वीज नसते, म्हणून सौर पट्टी आणि बॅटरी लागते.

दुसरा मार्ग उपग्रहाचा. खेड्यातील बँकेच्या शाखेच्या छतावर जी तबकडी दिसते, ती पुष्कळदा उपग्रहाशी बोलत असते. पूर्वापार वापरात असलेले हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर अंतर होते. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरला तर यास सुमारे पाव सेकंद लागतो. उत्तर परत येण्यास आणखी पाव सेकंद. एका प्रश्नोत्तरास अर्धा सेकंद म्हणजे थोडे वाटते, पण एका व्यवहारात अशी अनेक प्रश्नोत्तरे होतात. त्यातच जोराचा पाऊस आला की संदेश क्षीण होतो आणि खिडकीवरचा कारकून ‘लिंक नाही’ असे सांगतो. नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात, त्यामुळे हा विलंब पुष्कळ कमी होतो. स्टारलिंक या कंपनीला अशा सेवेसाठी २०२५ मध्ये भारत सरकारचा परवाना मिळाला.

तिसरा मार्ग प्रकाशतंतूंच्या तारेचा. तो सर्वांत भरवशाचा. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत अशी तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली गेली. पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही तार ग्रामपंचायतीपर्यंत येते. ग्रामपंचायतीपासून वाडी, पाडा किंवा गावकुसाबाहेरची वस्ती कधी दोन तर कधी पाच किलोमीटर दूर असते. खरी कसोटी या शेवटच्या टप्प्याची असते आणि नांगीचे तंत्र नेमके याच टप्प्यावर उपयोगी पडते.

आणणे आणि टिकवणे

मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजले. २०१९ च्या निवडणुकीत त्याच गावातील सोयींची प्रत्यक्ष स्थिती काय, हा प्रचारसभांतील वादाचा विषय झाला. वादात कोण खरे, हा आपला विषय नाही. मात्र सोय आणण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो आणि ती टिकवण्याचे काम रोजचे असते, हे त्यातून कळते. बॅटरी काही वर्षांनी निकामी होते. वीज पडून यंत्र जळते. वादळात अँटेनेचे तोंड फिरते. अशा वेळी दुरुस्त करणारा माणूस गावात नसेल आणि पेटीत पैसा नसेल तर सर्व यंत्रणा भंगार होते. नांगीचे वैशिष्ट्य असे की, तेथील स्थानिक तरुणांनाच देखभालीचे शिक्षण देण्यात आले.

बँकेत आम्ही प्रत्येक यंत्राचा घसारा धरतो. वस्तीनेही तो धरला पाहिजे. समजा, २५ घरांनी महिना ४० रुपये दिले, तर १,००० रुपये जमतात. जोडणीचे बिल ६०० रुपये धरले तर ४०० रुपये उरतात. तीन वर्षांत ही शिल्लक १४,४०० रुपये होते. नव्या बॅटरीसाठी कोणापुढे हात पसरण्याची वेळ येत नाही. ही रक्कम दोघांच्या सहीच्या बँक खात्यात ठेवावी आणि हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहावा. जोडणी इतरांना वाटताना नियमही पाळावे लागतात. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत छोट्या वाय-फाय केंद्राला स्वतंत्र परवाना किंवा नोंदणी शुल्क नाही. फक्त नोंदणीकृत संकलक संस्थेशी जोडून घ्यावे लागते.

आपण काय करू शकतो?

प्रथम, आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेटची तार आली आहे काय आणि आली असल्यास चालू आहे काय, हे ग्रामसभेत लेखी विचारावे. दुसरे, ग्रामपंचायतीच्या छतावरून आपली वस्ती दिसते काय ते पाहावे. दिवसा आरशाचा कवडसा पाडून किंवा रात्री विजेरी दाखवून ही तपासणी बिनखर्चात होते. तिसरे, जोडणी एका घरात न ठेवता वाचनालय, समाजमंदिर किंवा शाळा अशा सर्वांना खुल्या ठिकाणी ठेवावी. मुलींना आणि स्त्रियांना तेथे निर्धास्त बसता येईल अशी वेळ ठरवावी. चौथे, बारावी किंवा आय. टी. आय. झालेल्या एका मुलाला आणि एका मुलीला देखभाल शिकवावी. एकच शिकला आणि तो नोकरीसाठी शहरात गेला तर काम अडते.

जोडणी होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय *९९# या क्रमांकाने खात्यातील शिल्लक पाहता येते आणि पैसेही पाठवता येतात. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज अखेरच्या दिवसाची वाट न पाहता, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार व बँक पासबुक यांच्या प्रती तयार ठेवून तालुक्याच्या एकाच खेपेत भरावेत. ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन सोबत न्यावा. तो घरी राहिला म्हणजे दिवसाची मजुरी आणि एस. टी. चे भाडे दोन्ही वाया जातात.

अर्ज भरला न गेल्यामुळे एखाद्या हुशार मुलीची शिष्यवृत्ती हुकते, तेव्हा सरकारी कागदावर कोणताच अन्याय झालेला नसतो. योजना असते, तरतूद असते, संकेतस्थळही असते. नसते ती फक्त तिच्या घरापर्यंतची वाट. ती वाट बांधणे आणि रोज झाडून स्वच्छ ठेवणे हे आपल्या आवाक्यातले काम आहे. लाकडी पेटीतल्या संगणकापासून आरंभ करून नांगीने ते केले. आपल्या वस्तीत त्याचा आरंभ येत्या ग्रामसभेतील एका लेखी प्रश्नाने व्हावा.