रेडिएटरचा पंखा फिरत नाही, तेव्हा

भिवंडीच्या गर्दीत गाडी अडकली की तापमानाचा काटा वर चढायचा. नाशिकच्या रस्त्याला लागून गाडीने वेग घेतला की आपोआप खाली यायचा. मी दोन महिने हे पाहत होतो आणि तसाच पुढे जात होतो. मग पावसाळ्यात एके दिवशी कापडाचे नमुने घेऊन मालेगावला निघालो असता, कसारा घाटात ट्रकच्या मागे रांगताना बॉनेटमधून वाफ आली. त्या दिवसाची ऑर्डर हातची गेली. गॅरेजवाल्याने मोटर जळाली म्हणून नवी बसवली आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच!

अ‍ॅम्बॅसेडरसारख्या जुन्या गाडीत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालायचा. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. मारुती ८०० सारख्या गाड्यांत विजेचा पंखा आला. तो पाणी ९० ते १०० अंशांच्या आसपास तापले तरच फिरतो. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो. गाडी उभी राहिली की सारी भिस्त पंख्यावर. म्हणून उभ्या गाडीत काटा चढतो आणि धावताना उतरतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. धावतानाही चढत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप पाहावा, पंख्याच्या मागे लागू नये.

सर्वप्रथम, इंजिन थंड असताना पाणी पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, चेहरा भाजतो. पाणी कमी असेल तर थर्मोस्विच पाण्याऐवजी हवेत राहतो, त्याला उष्णता कळत नाही आणि चांगला पंखाही सुरू होत नाही. हे पुष्कळ कारागीर विसरतात. दुसरी सावधगिरी, काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. बोटे, रुमाल, सैल बाही पात्यांपासून दूर ठेवावी.

मग फ्यूज. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तार गुंडाळून काम भागवणारे भेटतात, पण त्यात वायरिंग जळण्याचा धोका आहे. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे.

फ्यूज ठीक असेल तर मोटरचा कनेक्टर काढून, फ्यूज लावलेल्या जाड वायरने तिला थेट बॅटरीचा करंट द्यावा. फिरली नाही तर मोटर खराब, बहुधा कार्बन झिजलेले असतात. फिरली तर मोटरवर एक पैसाही खर्च करू नये. ही दहा मिनिटांची तपासणी मी आधी केली असती तर!

मोटर चांगली निघाली की उरतात रिले, थर्मोस्विच आणि वायरी. रिले असेल तर तसाच दुसरा, उदाहरणार्थ हॉर्नचा, बसवून पाहावा, पण दोन्हींच्या पिना आणि नंबर सारखे हवेत. नुसता टक् आवाज आला म्हणजे रिले चांगला असे समजू नये, आतले टोक जळलेले असू शकते. मग जुन्या गाडीत थर्मोस्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन वायरी जोडाव्यात व चावी लावावी. पंखा फिरला तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये. नव्या, कॉम्प्युटरच्या गाडीत मात्र असे करू नये. तिथे स्विच नसून सेन्सर असतो, ते काम स्कॅनर असलेल्या उस्तादाकडेच द्यावे. अर्थिंगची वायर जिथे बॉडीला लागते तिथला गंजही घासून काढावा.

काही मेकॅनिक हे सर्व टाळून पंखा ‘डायरेक्ट’ करून देतात. चावी लावली की पंखा चालू. अडचणीत घरी पोहोचण्यापुरते ठीक आहे. कायमचे तसे ठेवले तर इंजिन तापायला वेळ घेते, पेट्रोल जास्त खाते, आणि मोटर विनाकारण झिजते. मोटर काढून बसवली असेल तर पंखा चालू करून समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचे पान धरावे. पान चिकटले पाहिजे. उडून गेले तर वायरी उलट्या लागल्या आहेत आणि पंखा उलटा फिरतो आहे.

माझ्या गाडीत दुसऱ्या उस्तादाने थर्मोस्विचचा कनेक्टर उघडला तर आत पावसाचे पाणी जाऊन पितळ हिरवे पडले होते. त्याने ते घासले आणि पुन्हा पाणी जाऊ नये असे बांधून दिले. मग मी पहिल्या गॅरेजातून माझी जुनी मोटर मागून आणली आणि बॅटरीला लावली. भर्रकन फिरली.