टोमणा आणि तळहाताचा घाम

“डॉक्टर, गोळ्या वेळेवर घेतो, पण जेवताना कुणी काही विचारलं की ताट सारून उठतो.” स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलांचे आईवडील ही तक्रार नेहमी करतात. नेमकं काय विचारलं, हे खोदून काढलं की कळतं, “अंघोळ का नाही केलीस? असा किती दिवस बसून राहणार? तुझ्या बरोबरीची मुलं बघ!” तेही वडील आणि आत्या एकदम बोलत असताना.

या आजारात चेहरा बरेचदा कोरा दिसतो. त्यामुळे ‘याला काही वाटतच नाही’ असा घरच्यांचा समज होतो. पण आत छाती धडधडत असते, तळवे घामेजलेले असतात. टॅरियर, वॉन, लेडर आणि लेफ या इंग्लंडमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या घरी जाऊन हा घाम विद्युत-उपकरणाने मोजला. त्यांचा अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला. सतत टोचून बोलणारं किंवा काळजीने जीव नकोसा करणारं नातेवाईक खोलीत आल्यावर रुग्णाचा ताण चढलेलाच राहिला. शांत स्वभावाचं माणूस येऊन बसलं, तेव्हा तो उतरू लागला. मला यातलं दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. त्याला एकटं सोडा, असा याचा अर्थ नाहीच.

आजार तुमच्या बोलण्यामुळे झाला, हे आधी मनातून काढून टाका. मात्र उलटण्याचा धोका बोलण्याने वाढू शकतो. “मी गेल्यावर तुझं कसं होणार?” हे आईचं रडणंही त्याच खात्यात जमा होतं बरं का!

मग बोलायचं कसं? एका वेळी एकाच माणसाने, छोट्या वाक्यात. आणि उत्तराची वाट पाहायची. “पाणी तापलंय, अंघोळीला जातोस?” एवढं पुरतं. कानात आवाज येतात म्हणाला तर वाद घालू नका, होला हो पण करू नका. “मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय,” असं म्हणा. तो उठून खोलीत गेला तर मागे जाऊ नका. ताण उतरवण्याचा तो त्याचा मार्ग असतो.

गोड बोलणं हा गोळ्यांना पर्याय नव्हे. झोप उडाली, संशय वाढला किंवा औषध बंद केलं, तर मनोविकारतज्ज्ञांना लगेच भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.