उच्च शिक्षणाची आगाऊ तरतूद : वरच्या वर्गांचा गणितपाठ व पालकसभेचा विषय

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतची शेते हळूहळू कारखान्यांखाली गेली. या पट्ट्यातील शाळांत आज दोन प्रकारची मुले शेजारी शेजारी बसतात. काहींच्या घरी जमिनीचा मोबदला एकरकमी आलेला असतो. काहींचे वडील ठेकेदाराकडे रोजंदारीवर असतात. मोबदला घर, मोटार आणि लग्नकार्य यांत संपला, तर जमीनही उरत नाही आणि शिक्षणाचा पैसाही उरत नाही. रोजंदारीच्या घरी तर बारावीचा निकाल लागल्यावर फीचा विचार सुरू होतो व सावकाराचे दार आठवते. दोन्ही घरांत उणीव असते ती वेळीच केलेल्या योजनेची. ती भरून काढण्यास शाळा पुष्कळ साहाय्य करू शकते.

फळ्यावरील उदाहरण

सातवी-आठवीच्या वर्गात शेकडेवारी व व्याज शिकविताना पुढील उदाहरण घ्यावे. एक कुटुंब दरमहा ५०० रुपये बाजूस ठेवते आणि वर्षाअखेर ६,००० रुपये दरसाल दरशेकडा ७ च्या चक्रवाढ व्याजाने गुंतविते. (हा दर केवळ हिशेबासाठी मानला आहे.) पहिल्या वर्षाअखेर ६,००० रुपये होतात. दुसऱ्या वर्षाअखेर त्यांवर ४२० रुपये व्याज व नवे ६,००० मिळून १२,४२० होतात. तिसऱ्या वर्षाअखेर १९,२८९ रुपये ४० पैसे. पुढील वर्षे मुलांनी स्वतः करावीत.

पहिलीपासून बारावीपर्यंत बारा हप्ते भरल्यास भरणा ७२,००० व जमा सुमारे १,०७,३३१ रुपये होते. आठवीपासून आरंभ केल्यास पाच हप्त्यांचा भरणा ३०,००० व जमा सुमारे ३४,५०४ रुपये. पहिल्या कुटुंबाने भरले अडीचपटींहून कमी. परंतु त्याला व्याज मिळाले जवळजवळ आठपट. हा लाभ मोठ्या मिळकतीचा नव्हे, लवकर आरंभाचा होय, हे मुलांच्या तोंडूनच वदवून घ्यावे. फीही दरवर्षी वाढते, म्हणून आजची फी धरून केलेला हिशेब अपुरा पडतो, हेही सांगावे.

पालकसभेत सांगावयाच्या गोष्टी

१. सुकन्या समृद्धी योजना २०१५ साली सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वीच टपाल कार्यालयात वा बँकेत हे खाते उघडावे लागते. वर्षाकाठी किमान २५० रुपये भरावे लागतात व भरणा १५ वर्षे चालतो. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. चौथीतील मुली दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असतात. म्हणून तिसरीच्या वर्गशिक्षकानेच पालकांना हे सांगावे. एकदा वय उलटले की संधी परत येत नाही.

२. मुलग्यांसाठी टपाल कार्यालयाचे आवर्ती ठेव खाते दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते. भविष्य निर्वाह निधीचे सार्वजनिक खाते १५ वर्षांचे असते.

३. आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नसावे.

४. राज्य शासनाने २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेने व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केले आहे. तथापि खानावळ, प्रवास व पुस्तके यांची तरतूद घरानेच करावयाची असते. दाखले आधीच काढून ठेवावेत.

५. गावातील भिशी अडीअडचणीस उपयोगी पडते. परंतु दहा-बारा वर्षांची ठेव तेथे ठेवू नये. भिशी बुडाल्यास ठेवीला संरक्षण नसते.

६. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यांतून विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळते. पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते. बचत कमी पडली तरी मार्ग खुंटत नाही, हा धीर पालकांना द्यावा.

शिक्षकाने पाळावयाचे पथ्य

कोणत्याही मुलास घरची मिळकत वर्गात विचारू नये. ज्याच्या घरी शिल्लक पडत नाही त्याला या पाठाने कमीपणा वाटता कामा नये. उदाहरणातील कुटुंब काल्पनिकच असावे. प्रत्यक्ष बोलणे पालकांशी, एकान्तात व्हावे. मुलीच्या लग्नासाठी पैसा साठविणारे पालक प्रत्येक गावी आढळतात. त्याच पैशातील काही भाग तिच्या पदवीसाठी वेगळा काढण्याचे त्यांना पटविता आले, तर त्या एका मुलीपुरते तरी या पाठाचे सार्थक झाले असे मानावे.

गृहपाठ : दरमहा २०० रुपये, दर तोच, मुदत बारा वर्षे. मुलांनी हा हिशेब घरी करून पालकांना वाचून दाखवावा.